धप्पाबाईंचा पडण्याचा वर्ग

धप्पाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पडत होत्या.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. पाण्याच्या टाकीवरून भांडून सगळ्यांचे घसे कोरडे झाले होते. "आयत्या वेळचे विषय," असं सेक्रेटरी म्हणाले ते खरं तर सभा संपवण्यासाठीच; पण मागच्या रांगेतून ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या, साठीला टेकलेल्या एक बाई उठून पुढे आल्या. सोसायटीतल्या वडीलधाऱ्या मंडळींना काही शिकवायचं आहे, त्यासाठी तळमजल्यावरचा हॉल रोज सकाळी तासभर मिळावा, अशी त्यांची मागणी होती. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "म्हणजे नेमकं काय शिकवणार आपण?" बाईंनी पदर कमरेला खोचला, गुडघे वाकवले, पाठ गोल केली आणि त्या सरळ मागे फरशीवर पडल्या. दोन्ही हात जमिनीवर असे काही आपटले की खजिनदारांच्या कपातला चहा बशीत आला. कोणी पाण्याला धावलं, कोणी "डॉक्टर, डॉक्टर" म्हणून ओरडलं. तोवर बाई कुशीवर वळून, एक गुडघा टेकून उठल्यासुद्धा. पदर सारखा करत म्हणाल्या, "हे शिकवणार."

"पडायला शिकवणी कशाला लागते?" सेक्रेटरी म्हणाले. "आमचे सभासद आपण होऊनच पडतात."

"पडतात ना जी," बाई म्हणाल्या, "पण मंग उठत नाहीत."

प्रत्येकाला आपल्या घरातलं, नाहीतर शेजारच्या घरातलं कोणीतरी आठवलं असणार. हॉल मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी जिन्याशेजारच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: 'पडण्याचा वर्ग सकाळी सात वाजता. चपला बाहेर काढून मगच पडावे. पडण्याच्या आवाजाबद्दल तक्रार ऐकली जाणार नाही.'

बाईंचं आडनाव इंगळे. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर पीटी शिकवली. लहानपणी तिथल्याच एका व्यायामशाळेत त्या ज्युदो शिकल्या होत्या. म्हणजे भाऊ शिकायला जायचा, त्याला पोचवायला म्हणून जायच्या आणि भाऊ पळून आला तरी त्या तिथेच राहिल्या. मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीत लागला आणि आईला पुण्याला घेऊन आला. तेव्हा आमच्या भागात घरटी एक तरी मुलगा कॉम्प्युटरवर बसलेला होता, आणि घरटी एक तरी आईबाप खिडकीत. बाई खिडकीत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण नातवाची शाळेची बस येईपर्यंत त्यांना तिथे उभं राहावं लागे. "खिडकीतून मी काय पाहून राहिली होती, सांगू?" त्या मला एकदा म्हणाल्या. "तुमचे पुण्याचे म्हातारे लोकं. सगळे असे चालून राहिले बाप्पा, जसं काचेचं सामान घेऊन चालले. अन् सामान कोणतं? तं सोताच!"

वर्गात त्यांचा एकच घोष असे. माणूस पडला की हात जमिनीवर आपटायचा, आणि तो नेमक्या वेळी आपटला जावा म्हणून त्या गरजायच्या, "धप्पा!" लपाछपी खेळताना आपण ओरडायचो तसं. पहिल्या आठवड्यातच इंगळेबाई हे नाव मागे पडलं. पुढे पोस्टमनसुद्धा 'धप्पाबाई कुठल्या मजल्यावर' असं विचारू लागला.

आता या सगळ्याचा माझ्याशी संबंध कसा आला ते सांगते. माझे सासरे, अण्णा, सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. माझा नवरा समीर कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, 'सहा महिने' म्हणून गेलेला आणि ते सहा महिने काही केल्या संपत नव्हते. मीही सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी कंपनीच्या बसनं जायची ती दिवेलागणीला परत. तरी आमचं छान चाललं होतं, कारण अण्णा स्वयंभू होते. पहाटे टेकडी, मग दूध, मग वाचनालय, मग मंडई. संध्याकाळी बाकावर बसून सरकार पाडायचं. मग एका सकाळी सोसायटीच्या फाटकाशीच त्यांचा पाय घसरला. दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. मी धावत खाली गेले तर अण्णा जमिनीवर बसून विजयी मुद्रेनं म्हणतात कसे, "एकही पिशवी फुटू दिली नाही!"

प्लॅस्टर निघालं, मनगट बरं झालं, पण अण्णांच्या मनात जे मोडलं ते काही सांधेना. ते घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागले. फाटकापर्यंत जायचे आणि 'ऊन फार आहे' म्हणून परत यायचे. ढग असले तर 'पाऊस येईल' म्हणून. टेकडी सुटली, वाचनालय सुटलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला 'माझ्यासोबत ये' म्हटलं नाही, तो मला रविवारची वाट पाहत असल्याचं सांगू लागला. समीर फोनवर म्हणायचा, "दिवसभराचा माणूस ठेव. त्यांना एकटं बाहेर सोडू नकोस. मी दिवाळीला येतोय, तोवर असंच राहिलं तर मी त्यांना इकडे घेऊन येतो." अण्णा दुसऱ्या खोलीतून ऐकत असायचे. फोन ठेवल्यावर म्हणायचे, "तिकडे नेऊन काय करणार आहे माझं? खिडकीत बसून बर्फ बघू?" हसण्यावारी न्यायचे, पण त्या रात्री जेवायचे नाहीत. अण्णा पुन्हा एकटे फाटकाबाहेर जातील की नाही, यावर त्यांचं उरलेलं आयुष्य कोथरूडला जाणार की परक्या देशातल्या खिडकीत, हे ठरायचं होतं. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

म्हणून मी त्यांना धप्पाबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे काय, ओढतच. "पडून हाड मोडलं म्हणून पडायला शिकायचं?" ते वाटेत म्हणाले. "उद्या अपचन झालं तर जेवणाच्या स्पर्धेला नेशील."

हॉलमधलं दृश्य पाहण्यासारखं होतं. जमिनीभर कापसाच्या जुन्या गाद्या अंथरलेल्या. घरोघरी मुलांनी फोमच्या गाद्या आणल्यावर या माळ्यावर गेल्या होत्या. बाईंनी त्या फिरून फिरून गोळा केल्या आणि पिंजाऱ्याकडून पिंजून घेतल्या. दाराजवळ टेबलावर एक मोठं ताट. वर्ग सुरू होण्यापूर्वी त्यात सगळ्यांनी चष्मे काढून ठेवायचे आणि शेजारच्या वाट्यांत कवळ्या. त्यामुळे पहिली दहा मिनिटं कोणाला काही दिसायचं नाही आणि कोण काय बोलतंय ते कळायचं नाही, आणि तरीही सगळे बोलत असायचे. शिवाय प्रत्येकाला हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरावा लागे. झोपल्यापासून उठेपर्यंत तो पडू द्यायचा नाही. डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून हनुवटी छातीशी राहिली पाहिजे, हे त्यामागचं शास्त्र. पण 'पडलो तरी नाक वर' हे ज्यांचं जन्माचं ब्रीद, त्यांना मान खाली घालायला शिकवणं म्हणजे काय काम होतं ते बाईंनाच ठाऊक. "नाक खाली, प्रोफेसरसाहेब! नाक खाली!" असा त्यांचा आवाज पार पार्किंगपर्यंत जायचा.

घाई मात्र त्या कधीच करत नसत. आधी नुसतं झोपून मान उचलायची आणि हात आपटायचे. मग बसून मागे लवंडायचं. मग उकिडवं बसून. उभ्यानं पडायची परवानगी महिनोन् महिने मिळत नसे, आणि ज्यांची हाडं डॉक्टरांनी ठिसूळ ठरवली होती त्यांना कधीच मिळाली नाही; त्यांना त्या फक्त कुशीवर वळून खुर्चीच्या आधारानं उठायला शिकवत. "अर्धं पडणं म्हणजे उठणंच आहे," असं म्हणत. हात टेकून पडणाऱ्याचा त्यांना फार राग. "टेकू नका! टेकला की मनगट गेलं. आपटा! सगळा हात आपटा, जसं कोणावर रागावले. कोणावर रागावले नाही का तुमी कधी?" हा प्रश्न पुण्यात विचारायची गरज नव्हती. सेक्रेटरींचं नाव घेत मंडळी हात आपटायची.

त्यांच्या बोलीवरून सुरुवातीला बरंच रामायण झालं. 'मले', 'तुमाले', 'काहून' ऐकलं की लिमयेकाकूंना राहवायचं नाही. काकू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. गादीवर उताण्या पडून, हनुवटीखाली रुमाल धरून, कवळीशिवाय त्या म्हणायच्या, "मले नाही हो, मला." बाई शांतपणे त्यांच्या डोक्याखाली हात घालायच्या आणि म्हणायच्या, "काकू, माझी भाषा मंग सुधरवा. आधी तुमची मान सुधरवू." पुढे वर्षभरानं काकू स्वतःच जिन्यात कुणाला तरी "काहून धावून राहिला?" असं विचारताना मी ऐकलं.

अण्णा वर्गात शिकायला बसले नाहीत, बघायला बसले. खुर्ची भिंतीला लावून घेतली आणि तिथून शेरे मारू लागले. कोण धान्याच्या पोत्यासारखं पडलं, कोण रुसलेल्या जावयासारखं. धप्पाबाईंनी त्यांना एकदाही 'या' म्हटलं नाही. उलट त्यांच्या शेऱ्यांवर त्या खळखळून हसायच्या. असे कित्येक दिवस गेले. मग एके सकाळी त्या म्हणाल्या, "अण्णा, तुमी बोलता फार छान. पण तिथून मागच्या लोकांले ऐकू येत नाही. इथं मधातल्या गादीवर येऊन, आरामशीर झोपून बोला ना जी." अण्णा स्तुतीला भुलणारे नव्हते असं त्यांचं स्वतःचं मत होतं. पण गेले, झोपले आणि बोलू लागले. बाईंनी बोलता बोलता त्यांच्या हनुवटीखाली रुमाल सरकवला. बोलणं बंद झालं आणि शिक्षण सुरू झालं.

पण खरा घाट पुढे होता. माणसं पडायला शिकली, गोल पाठ करायला शिकली, धप्पा मारायला शिकली. तेव्हा बाईंनी एका सकाळी प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू दिली. कोणाला पाणी भरलेली दुधाची पिशवी, कोणाला छत्री, कोणाला भाजीची जाळी, लिमयेकाकूंना स्टीलचा डबा. "आता पडा," म्हणाल्या, "अन् पडताना हातातलं फेकून द्या."

एकालाही जमलं नाही. अहो, एकालाही! प्रोफेसर इतके सुंदर पडले की काय सांगू, पण छत्री छातीशी कवटाळून. लिमयेकाकू कुशीवर पडल्या आणि डबा धरलेला हात वर, जसं पुरात कोणी लेकरू उचलून धरावं. अण्णांनी तर पिशवी सोडली आणि अर्ध्या वाटेत पुन्हा पकडली. बाई कपाळावर हात मारून खाली बसल्या. "मी इतकी वर्षं पोरींले शिकवलं," त्या म्हणाल्या, "त्याईले सोडा म्हटलं की सोडत. तुमी लोकं जीव सोडान, पण पिशवी सोडणार नाही!"

मला हे पाहून हसू आलं आणि मग गलबलून आलं. या पिढीला काहीच सहज मिळालं नव्हतं. रॉकेलला रांग, गॅसला नंबर, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वाट बघणं. टेलिफोन आला तेव्हा पेढे वाटलेली ही माणसं. आम्ही बिघडलेला मिक्सर टाकून नवा आणतो; त्यांनी जुन्या मिक्सरचं खोकंसुद्धा ठेवलेलं असतं. जे एकदा हातात आलं ते सोडायचं नाही, हेच त्यांचं शहाणपण, आणि पडताना नेमकं तेच त्यांचं हाड मोडत होतं. बाईंनी पुढचे कितीतरी दिवस फक्त सोडायलाच शिकवलं. फाटलेल्या पिशव्यांच्या पाण्यानं गाद्या भिजल्या, त्या गच्चीत वाळत पडल्या, आणि गच्ची अडवल्याबद्दल फळ्यावर नवी सूचना लागली.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा अण्णांनी भर वर्गात विचारलं, "हातात गणपती असेल तर?"

सगळे बाईंकडे पाहू लागले. त्या स्वतः देवाधर्माच्या. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्यावर राहणाऱ्या. जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "तरी सोडायचं, अण्णा. पूजा होईपर्यंत ती माती आहे. दुसरी घडवता येते. तुमाले कोण घडवणार?"

अण्णांना ते मुळीच पटलं नाही. घरी येईपर्यंत पुटपुटत होते. त्यांच्या घरात गणपती हातात धरून, पायी चालत आणायची रीत. त्यांनीच आणायचा, तोही पाटावर, डोक्याला टोपी घालून. त्या वर्षी समीरनं फोनवर बजावलं होतं की गाडी करा, नाहीतर घरपोच मागवा. अण्णा म्हणाले, "देवाला पार्सलनं बोलावतात का?" चतुर्थीच्या सकाळी ते आणि मी निघालो. कित्येक महिन्यांनी ते फाटक ओलांडून चौकापर्यंत गेले, मला हात धरू न देता. मांडवातून आमची ठरवलेली शाडूची मूर्ती घेतली, पाटावर ठेवली, वर रुमाल घातला. दोन्ही हातांत पाट धरून ते असे चालले होते की मला त्यांचा फोटो काढावासा वाटला.

पहाटे पावसाची सर येऊन गेली होती. नव्या दुकानापुढे गुळगुळीत चकचकीत फरशा बसवलेल्या. अण्णांचा पाय सटकला.

मला अजून तो क्षण जसाच्या तसा दिसतो. मी ओरडलेसुद्धा नाही. अण्णांनी गुडघे वाकवले. पाट सोडला. हनुवटी छातीला लावली, कुशीवर वळले आणि त्यांचा हात फरशीवर असा खणखणीत आपटला की समोरचा रिक्षावाला थांबला. मग ते वळले, गुडघ्यावर आले, उभे राहिले. कुठे खरचटलंही नव्हतं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलाचा आनंद होता. मग त्यांना फरशीवर पसरलेले मातीचे तुकडे दिसले.

तुकडे मी ओढणीत गोळा करून आणले होते. घरी येताच अण्णा आपल्या खोलीत गेले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. "दूध वाचवलं होतं मी," म्हणाले. "आणि देव टाकला." मी गुरुजींना फोन केला. त्यांनी सांगितलं की प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, दोष काही नाही. तुकडे पाण्यात विसर्जित करा आणि दुसरी मूर्ती आणा. मी ते अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "समीरला सांग," म्हणाले, "ठेव म्हणावं माणूस. नाहीतर ने मला तिकडे. मी आता बाहेर जात नाही." इतके महिने शिकवून तयार झालेला माणूस, नेमका व्यवस्थित पडल्यामुळे, कायमचा घरात बसायला निघाला होता. मला रडू फुटलं आणि मी खालच्या मजल्यावर धप्पाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्या मोदकांचं पुरण ढवळत होत्या. सगळं ऐकून, हात धुऊन तशाच वर आल्या. मला वाटलं, समजूत घालतील. त्यांनी आधी अण्णांचा हात हातात घेऊन तळवा उघडून पाहिला. तळवा लाल झाला होता. "वा!" त्या म्हणाल्या. "पूर्ण हात पडला. मनगट वाचलं. असा धप्पा माझ्या शाळेतल्या पोरीनंही मारला नाही."

"बाई, मी गणपती टाकला," अण्णा म्हणाले.

"हो, टाकला. मीच सांगितलं होतं. पाप असंल तं माझ्या खात्यात." आणि मग त्या त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "अण्णा, आता ऐका. पडणं तुमाले आलं. पण पडल्यावर तुमी अजून उठले नाही. तुमी अजून त्या दुकानापुढेच आहे. टोपी घाला. दुसरी मूर्ती आणायची आहे."

"मंजिरी येईल माझ्याबरोबर..." अण्णांनी माझं नाव घेतलं.

"सूनबाई नाही येणार. मीही नाही येणार. माझं पुरण लागून राहिलं खाली."

त्या उठून गेल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुकड्यांची ओढणी उचलून मोरीकडे गेले आणि बादली भरायला लावली. पाण्याच्या आवाजात मला दार उघडल्याचं ऐकू आलं. मग बंद झाल्याचं.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. अण्णा फाटकाशी थांबले. वर आभाळाकडे पाहिलं. ऊनही होतं आणि ढगही होते; दोन्ही सबबी तयार होत्या. ते गेले. खालच्या गॅलरीत धप्पाबाई, पलीकडे लिमयेकाकू, समोरच्या बिल्डिंगीत प्रोफेसर; बातमी कशी पसरली कोण जाणे, पण सगळा पडण्याचा वर्ग कठड्याला टेकून रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. कोणी बोलत नव्हतं. पुण्यात इतकी माणसं एकत्र असून कोणी बोलत नाही हे मी त्यानंतर पाहिलेलं नाही. धप्पाबाईंचं पुरण मात्र खरंच करपलं. वास आमच्या मजल्यापर्यंत आला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं वळणावर टोपी दिसली. मग पाट. लिमयेकाकू कवळी न लावताच ओरडल्या, "मोरया!" आणि सगळी मंडळी जिने उतरून फाटकाकडे धावली. धावली म्हणजे त्यांच्या परीनं. फाटकात अण्णांना वाट द्यायला दोन रांगा झाल्या. मी भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, मूर्तीवरचा रुमाल काढला, आणि मला हसू आवरेना. ऐन चतुर्थीला मांडवात दुसरं काय उरणार? गणपती कॉम्प्युटरसमोर बसलेला होता. पिवळंधमक पितांबर, कीबोर्डवर दोन हात, आणि उंदीर गुलाबी. असल्या मूर्ती करणाऱ्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे, असं अण्णा दर वर्षी म्हणायचे.

"हाच उरला होता," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "मी म्हटलं, चल. आमच्या घरात तुझ्या धंद्यातली दोन माणसं आधीच आहेत."

संध्याकाळी समीरचा फोन आला. अण्णांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "गणपती फोडला, मग दुसरा आणला," म्हणाले. "एकट्यानं. हो, चालत. तुझ्यासारखाच आहे, सारखा कॉम्प्युटरवर. पण हा घरी आहे." माणूस ठेवण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. दिवाळीला तो आला तेव्हा अण्णा त्याला आणायला बसनं विमानतळावर गेले होते. विश्रांतवाडीला बस बदलून. समीरनं त्यांना गर्दीत एकटं उभं पाहिलं आणि त्याच्या हातातली बॅग सुटून पडली. अण्णा म्हणाले, "शाबास. तुलाही येतं की!"

धप्पाबाई आमच्याकडे अजून काही वर्षं होत्या. मग त्यांचा मुलगा कुटुंबासकट अमेरिकेला निघाला. आईचाही पासपोर्ट काढला होता त्यानं. बाई म्हणाल्या, "तिथं समदीकडे गालिचे आहे म्हणे. गालिच्यावर कोणाले पडायचं शिकवू?" आणि त्या अमरावतीला परत गेल्या. जायच्या आदल्या सकाळी वर्गात निरोपाची भाषणं करायची नाहीत, अशी त्यांची ताकीद होती. भाषणं झाली नाहीत. सगळे आपापल्या गादीवर उभे राहिले, ज्यांना परवानगी नव्हती ते झोपले, आणि अण्णांनी "धप्पा!" म्हटल्याबरोबर सारा वर्ग एकदम पडला. हॉलच्या खिडक्या थरथरल्या. सेक्रेटरी धावत आले, दारात थांबले, आणि चपला काढून आत आले. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "काकू, मान!" एवढंच म्हणाल्या. वर्ग लिमयेकाकूंनी पुढे चालवला, आणि तो चांगला चालला.

अमरावतीहून त्यांचा फोन यायचा. तिकडेही त्यांनी वर्ग काढला होता. "इथले लोकं लवकर सोडतात हातातलं," असं कौतुकानं सांगायच्या, आणि मग हळूच, "पण तुमच्यासारखी मजा नाही येत."

अण्णा गेले ते माघ महिन्यात. झोपेतच, कोणाला न उठवता. दिवसकार्य झाल्यावर मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सूनबाई, शेवटचे बाहेर कधी गेले होते?"

"आदल्या संध्याकाळी," मी म्हटलं. "दाढीची ब्लेडं आणायला. येताना कोपऱ्यावर कुणाशी तरी वाद घालून आले."

"एकटे?"

"एकटेच."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "मंग चांगलं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "माणूस बाहेर गेला, भांडला, आपल्या पायानं घरी आला, अन् मंग गेला. रडू नको."

मी रडत नव्हते. मी तसं म्हणणार होते, तेवढ्यात फोनवर त्याच रडायला लागल्या.